जनाची लाज, मनाची लाज

मराठी माणसाची लाज नेमकी असते कुठे? प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर द्यायला बसले की पंचाईत होते. कुणी आपले नाक कापतो, म्हणजे लाज नाकात असावी. कुणामुळे मान खाली घालावी लागते, म्हणजे ती मानेत असावी. कुणी तोंड काळे करतो, कुणाला तोंड दाखवायला जागा उरत नाही. कुणाच्या अब्रूची लक्तरे वेशीवर टांगली जातात. एखाद्याने तर कमरेचे सोडून डोक्याला गुंडाळलेले असते, आणि एखादा लाज कोळून प्यालेला असतो! एवढ्याशा भावनेला मराठीने सगळे शरीर, कपड्यांची पेटी आणि पाण्याचा तांब्यासुद्धा कामाला लावला आहे.

निवृत्त झाल्यापासून मला शब्दांच्या मागे लागण्याचा नाद जडला आहे, हे या पानावर नेहमी येणाऱ्या मंडळींना ठाऊक आहेच. या वेळच्या नादाला कारण माझी भाची. ती पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकली. फोनवर बोलता बोलता म्हणाली, "मावशी, रशियन माणूस लाजेने जळून जातो, पण त्यांचा लाजेचा शब्द मात्र थंडीच्या शब्दाचा सख्खा भाऊ आहे." मला गंमत वाटली. रशियनमध्ये लाजेला 'स्तीद' म्हणतात आणि गारठण्याच्या क्रियापदाशी त्याचे मूळ एक आहे. म्हणजे अंगावर सर्रकन काटा येतो ती लाज. पुढे भाषेने त्याच लाजेला आग लावली, आणि माणूस 'लाजेने जळून गेला' असे म्हणू लागली. आधी गार पडायचे, मग कानशिले तापायची. आपल्यालाही अगदी असेच होते की!

रशियनमध्ये आणखी एक शब्द आहे, 'पझोर'. त्याचा अर्थ नामुष्की, बेअब्रू. त्याच्या मुळाशी 'पाहणे' ही क्रिया आहे, आणि जुन्या भाषेत त्याचा अर्थ नुसता 'देखावा' असा होता. चार लोकांनी पाहावे असे काही झाले म्हणजे पझोर. शेजारच्या चेक भाषेत हाच शब्द 'सावधान, इकडे लक्ष द्या' या अर्थाने पाट्यांवर लिहिलेला असतो म्हणे. एकाच शब्दाची दोन लेकरे, एक बदनाम झाले आणि दुसरे रस्त्यावर पहारेकरी म्हणून उभे राहिले.

तर रशियन लाज पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आहे. चिनी लाज चेहऱ्यात आहे. 'चेहरा गमावणे' हा चिनी वाक्प्रचार आता जगभर पसरला आहे. निर्लज्ज माणसाला ते 'जाड चेहऱ्याचा' म्हणतात. आपण त्याला गेंड्याच्या कातडीचा म्हणतो. फरक इतकाच, की आपण जनावर मध्ये आणले. लाजेसाठी जे जुने चिनी अक्षर आहे ते कान आणि हृदय या दोन खुणा जोडून झालेले आहे. हे वाचले तेव्हा मला आपला 'कानकोंडे होणे' हा शब्द आठवला. व्युत्पत्तीचा काही दावा नाही हो माझा, पण कुणी चारचौघांत बोलले की पहिल्यांदा कानच गरम होतात, हा अनुभव बहुधा सगळीकडे सारखाच असावा. पायाखालची जमीन तर तिन्ही भाषांत आहे. रशियन माणसाला लाजेने जमिनीतून खाली जावेसे वाटते, चिनी माणसाला तोंड लपवायला जमीन उरत नाही, आणि आपल्याला 'धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे' असे होते. आपल्या धरणीत मात्र सीता आहे. जिची काही चूक नव्हती तिलाच पोटात जावे लागले, हे त्या वाक्प्रचारात कायमचे राहून गेले आहे. ते पुढे येईलच.

आता आपल्या पाण्याकडे वळते, कारण मला सर्वांत जास्त भुरळ त्याची पडली.

'अब्रू' हा शब्द फारसी. 'आब' म्हणजे पाणी आणि 'रू' म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचे पाणी ते अब्रू. हे पाणी घामाचे किंवा अश्रूंचे नव्हे, तेजाचे. मोत्याला पाणी असते, तलवारीच्या पात्याला असते, पाणीदार घोडा असतो, पाणीदार डोळे असतात. त्या अर्थाचे हे पाणी. आपण 'आब राखून वागावे' म्हणतो तो आब हाच. आता गंमत बघा. आपल्याकडे घरचा शब्द आहे 'पाणउतारा'. त्यात फारसीचे काही नाही. पाणी आणि उतरवणे. चार माणसांत एखाद्याला असे बोलायचे, की त्याच्या चेहऱ्यावरचे पाणी उतरले पाहिजे. फारसी 'अब्रू' आणि मराठी 'पाणउतारा' हे दोन वेगळ्या घरांतले शब्द एकमेकांचे व्याही शोभावेत असे आहेत. एकात पाणी चढलेले आहे, दुसऱ्यात उतरवलेले. हिंदीत मात्र माणूस शरमेने स्वतःच 'पानी पानी' होतो. मराठीत काळजाचे पाणी पाणी होते, पण ते भीतीने किंवा मायेने. लाजेने आपण विरघळत नाही, आपले तेज जाते.

बहमनी आणि आदिलशाहीच्या काळात फारसी ही दरबाराची भाषा होती. दरबारी हुकूम तिच्यात निघत. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास रघुनाथ नारायण हणमंते यांच्याकडून 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला आणि दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. पण कोश झाला तो राज्यव्यवहाराचा. माणसाच्या मनातल्या व्यवहाराला कोण हात लावणार? तिथे अब्रू राहिली, शरम राहिली, इज्जत राहिली, फजिती राहिली, माफी राहिली. आणि 'दिलगिरी' राहिली. दिल म्हणजे काळीज, 'गीर' म्हणजे धरलेले. काळीज धरल्यासारखे होणे ती दिलगिरी. आज कुणीही उठतो आणि 'दिलगीर आहोत' अशी पाटी लावतो, तेव्हा त्यात काळीज आहे हे लक्षातही येत नाही.

'नामोशी'चा प्रवास त्याहून लांबचा. फारसी-अरबीत 'नामूस' म्हणजे लौकिक, घराण्याची प्रतिष्ठा. हा शब्द अरबीत ग्रीक 'नोमोस'वरून आला, आणि नोमोस म्हणजे नियम, कायदा. ग्रीसमधला कायदा, अरबस्तानातली प्रतिष्ठा आणि आमच्या शुक्रवार पेठेत येईपर्यंत त्याची झाली नामोशी! शब्द इतके चालतात, आपण मात्र दसऱ्याला सीमोल्लंघन केले की दमतो.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर कोल्हापूरच्या इतिहासातले एक पान सांगायला हवे. आमच्या पिढीला ते शाळेत दोन ओळींत शिकवले जायचे, आणि आम्हीही पुढे दोनच ओळींत शिकवले. अभ्यासक्रमच तसा होता.

१८६० साली भारतीय दंडविधान झाले आणि त्याच्या ४९९ व ५०० या कलमांनी एक नवीनच कल्पना आपल्याकडे आणली. मराठीत तिला शब्द मिळाला 'अब्रूनुकसानी'. जरा थांबून या शब्दाकडे पाहा. नुकसान कशाचे होते? पिकाचे, गुरांचे, मालाचे. ज्याचे मोजमाप होते त्याचे. चेहऱ्यावरचे पाणी आता शेताच्या पाण्यासारखे मोजण्याची वस्तू झाले. कुणी ते सांडले तर त्याला साध्या कैदेत पाठवता येईल किंवा दंड करता येईल. (आज तो गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात आहे. १ जुलै २०२४ पासून.)

त्या कलमाचा महाराष्ट्रातला सर्वांत गाजलेला खटला कोल्हापूरचा. गादीवर चौथे शिवाजी महाराज होते, वयाने अगदी तरुण. त्यांना वेड लागले आहे असे सांगितले जात होते, आणि कारभार दिवाण महादेव वासुदेव बर्वे यांच्या हाती होता. महाराजांचा छळ होतो आहे, अशी बोलवा पुण्यापर्यंत गेली. जानेवारी १८८१ मध्ये सुरू झालेले 'केसरी' आणि 'मराठा' हे त्या वेळी अगदी कोवळे पत्र. आगरकर केसरीचे संपादक, टिळक मराठ्याचे. दोघांनीही दिवाणांवर कडक लिहिले. त्यासाठी ज्या पत्रांचा आधार घेतला ती पत्रे दिवाणांचीच आहेत असे त्यांना वाटत होते. बर्व्यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद केली. कोर्टात ती पत्रे खरी ठरली नाहीत. संपादकांनी माफी मागितली, पण फिर्याद मागे घेतली गेली नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली आणि मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात रवानगी झाली. दोघेही १८५६ सालच्या जुलै महिन्यातले. म्हणजे सव्विशीत नुकते पाय टाकणारे तरुण! मुदतीत थोडी सूट मिळून २६ ऑक्टोबर १८८२ रोजी ते सुटले. आगरकरांनी त्या १०१ दिवसांवर पुढे पुस्तक लिहिले.

खटला चालू असताना जामिनाचा प्रश्न आला तेव्हा जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेठ बापूशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला, ही गोष्ट मात्र आमच्या त्या दोन ओळींत कधीच आली नाही. फुल्यांचे आणि पुण्याच्या या तरुण मंडळींचे विचार किती वेगळे होते हे आपण जाणतोच. तरीही एका राजाच्या बाजूने लिहून अडचणीत आलेली पोरे म्हणून त्यांनी माणूस उभा केला.

आता या सगळ्यात अब्रू कुणाची गेली, कुणाची राहिली? कायद्याच्या हिशेबाने दिवाणांची अब्रू कोर्टाने परत दिली, आणि पत्रे खरी न ठरल्यामुळे ते योग्यच झाले. संपादक गुन्हेगार ठरले. पण तुरुंगाच्या दारात लोक जमले ते हारतुरे घेऊन! जुन्या काळी गुन्हेगाराची धिंड निघायची. पुण्यात १७९१ साली घाशीराम कोतवालाची निघाली आणि तिचा शेवट दगडांनी ठेचण्यात झाला. धिंड आणि मिरवणूक यांत बाहेरून पाहिले तर फरक काय हो? तोच रस्ता, तीच गर्दी, मध्ये तोच एक माणूस. पाहणाऱ्यांच्या मनात काय आहे एवढ्यावर सगळे अवलंबून. रशियन 'पझोर' नुसता 'देखावा' होता तो असा. देखाव्याला लाज किंवा मान हा रंग नंतर चढतो. १८८२ नंतर राजकीय तुरुंगवासाची लाज महाराष्ट्रात हळूहळू संपत गेली, आणि पुढच्या पन्नास वर्षांत तर तुरुंगात जाऊन आलेला मुलगा घराण्याचे भूषण झाला. शब्दकोशात काही न बदलता एका गोष्टीने लाजेची बाजू सोडली.

आणि ज्यांच्यासाठी हे सगळे झाले ते महाराज? २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरला, एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा अंत झाला. वय वीस. त्यांच्या चेहऱ्यावरचे पाणी कुणी उतरवले, किती उतरवले, याची फिर्याद कुठल्याच कोर्टात झाली नाही. अब्रूनुकसानीचा कायदा ज्याला कोर्टापर्यंत जाता येते त्याच्यासाठी असतो. बाकीच्यांचा नुसता पाणउतारा होतो.

असा एक पाणउतारा मी डोळ्यांनी पाहिला आहे. साठच्या दशकातली गोष्ट, मी पाचवी-सहावीत असेन. शाळेचे नाव सांगत नाही. आमच्या वर्गात खेड्यातून चालत येणारा एक मुलगा होता, हुशार, गणितात तर पहिला. एके दिवशी गुरुजींनी त्याची वही वर धरली आणि सगळ्या वर्गाला दाखवली. ती वही म्हणजे गुळाच्या अडतीतल्या जुन्या चोपड्यांचे मागून कोरे असलेले कागद, पांढऱ्या दोऱ्याने शिवलेले. गुरुजी म्हणाले, "ही बघा रावसाहेबांची वही! बापाला सांग, पोराला शाळेत घालायची लाज नाही वाटली, तर वही घ्यायची कशाला वाटावी?" वर्ग हसला. मुले हसतातच. तो उभा होता, मान खाली, आणि त्याचे कान, खरंच सांगते, कान लालबुंद झाले होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत आला नाही. कुणी म्हणाले गुऱ्हाळावर लागला. फार वर्षांनी तो मला शाहूपुरीत भेटला. दोन ट्रक होते त्याचे, बरे चालले होते. जुन्या गोष्टी निघाल्या. त्याने गुरुजींना शिवी दिली नाही. एवढेच म्हणाला, "ती वही आईनं शिवली होती गं. रात्री कंदिलापाशी बसून. म्या घरी काय सांगितलंच न्हाई तिला. शाळा नको वाटतीया, एवढंच सांगितलं."

त्याने आपल्या आईची लाज राखली, आणि तिची किंमत म्हणून शाळा दिली. पाणउतारा करणाऱ्याला हे कधी कळत नाही, की पाणी ज्याच्यावर नेम धरला त्याचेच उतरते असे नाही. ते मागे उभ्या असलेल्या कुणाचेतरी उतरते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलाला मारायला आणि मानसिक छळ करायलाही बंदी केली. 'मानसिक छळ' हे शब्द वाचून आमच्यातले काही जुने सहकारी हसले होते. म्हणाले, बोलायचे पण नाही का आता? बोलायचे. बाजूला बोलावून बोलायचे.

कोल्हापुरात पाण्याची आणि अब्रूची दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती कोल्हापूरकरांना पाठ असली तरी बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. राजवाड्याच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे नोकर होते. जातीने अस्पृश्य. इतरांसाठी असलेल्या पाण्याच्या हौदाला शिवल्यावरून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांच्या कानावर हे गेले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, पण पुढे जे केले ते मला शिक्षेपेक्षा मोठे वाटते. गंगारामांना महाराजांच्या पाठबळाने भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल निघाले. नाव 'सत्यसुधारक'. महाराजांची गाडी तिथे थांबायची, महाराज गंगारामांच्या हातचा चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्यांनाही पाजायचे. भर रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत.

शब्दांच्या अंगाने याचा विचार केला की मी थक्क होते. पाण्याला शिवला म्हणून ज्याचे पाणी उतरवले, त्याच्या हातचे पाणी पिऊन महाराजांनी ते परत चढवले. पाणउतारा चारचौघांत झाला होता, म्हणून त्याची भरपाईही चारचौघांतच करायची. वाड्यावर बोलावून गुपचूप शंभर रुपये दिले असते तर गंगारामांची सोय झाली असती, अब्रू आली नसती. महाराजांनी देखाव्याला देखाव्यानेच उत्तर दिले. पुढे २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या दिवशीही प्रश्न तहानेचा नव्हताच.

सीतेचे येईल म्हणाले होते, ते आता. लाजेचे शब्द गोळा करत गेले तशी एक गोष्ट मला बोचू लागली. नाक घराण्याचे असते, पण कापते ते मुलीमुळे. पदर बाईचा, आणि तो ढळला की लाज जाते ती सासरची आणि माहेरची. पुरुष मात्र 'मर्द गडी' राहतो. लाज ठेवायला घरातली एक सोयीची जागा म्हणून बाई! जनाबाई सातशे वर्षांपूर्वी पदर खांद्यावर टाकून भर बाजारात निघाली, म्हणून ती अजून आपली वाटते.

माझी एक आत्या होती. पंचविशीत विधवा झाली. आमच्या घरच्या लग्नांत सगळा फराळ तिच्या हातचा, पण अक्षता पडताना ती मागच्या सोप्यात बसायची. तिला कुणी 'जा' म्हणत नसे, ती आपण होऊनच जायची. लहानपणी मला वाटायचे तिला वाजंत्री आवडत नसेल. तिने कुणाचे काय केले होते, की तिने तोंड लपवावे? शाहू महाराजांनी १९१७ साली विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला होता. आत्या त्यानंतर जन्मली. कायदा झाला होता, सोपा रिकामा झाला नव्हता.

मे २०२२ मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे गावात बंद. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे ते वर्ष. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही हा कित्ता गिरवायला सांगितले. वर्तमानपत्रात बातमी वाचली तेव्हा मी कात्री शोधून ती कापून ठेवली. ठरावाने सगळे बदलते असे नाही, हे मलाही कळते. पण ही लाज जनाची होती ना? मग ती उतरवायलाही जनच पाहिजे होते. एकट्या आत्याने ठरवून सोप्यातून मांडवात येणे फार अवघड होते. गावाने म्हणायला हवे होते, या, पुढे बसा.

आता मूळ म्हणीवर येते. 'जनाची नाही, तर मनाची तरी ठेव.' आमची आजी ही म्हण दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवायची. १९४६ साली रूथ बेनेडिक्ट या अमेरिकन बाईंचे जपानवरचे पुस्तक आले आणि तेव्हापासून जगातल्या समाजांचे दोन भाग करायची पद्धत पडली. एक समाज लाजेचा, लोक काय म्हणतील याला भिणारा. दुसरा अपराधाच्या जाणिवेचा, आतल्या आवाजाला भिणारा. पूर्वेकडचे आपण सगळे अर्थातच पहिल्या भागात! पण त्याच्या दोन वर्षे आधी, १९४४ साली, हू शिएन-चिन या चिनी विदुषीने दाखवून दिले होते, की चिनी भाषेत चेहऱ्याला दोन शब्द आहेत. एक 'म्येन्-त्झ', म्हणजे लोकांत मिळवलेला मोठेपणा, पैसा, ओळखी, थाटमाट. दुसरा 'ल्येन', म्हणजे माणूस म्हणून असलेली सचोटी. पहिला कमी-जास्त होतो, उसना मिळतो. दुसरा गेला की माणूस म्हणून तोंड दाखवता येत नाही, आणि त्याची राखण लोक करतात तशी मनही करते. आमच्या आजीने हू बाईंचे नाव ऐकले नव्हते, पण तिच्या म्हणीत जनाची आणि मनाची हे दोन्ही चेहरे आहेत. आणि क्रमही बघा. आजी म्हणत नाही की जनाची लाज खोटी. ती म्हणते, ती सुटली असेल तरी निदान ही सोडू नकोस. मनाची लाज ही तिच्या मते शेवटची शिल्लक.

मी एक साधी कसोटी लावून पाहते. जी लाज मला दुसऱ्याचे वाईट करण्यापासून अडवते ती मनाची. जी लाज दुसऱ्याने माझ्या डोक्यावर ठेवली आणि जिच्यात माझी करणी काहीच नाही, ती जनाची. शिवलेल्या वहीची लाज जनाची. सोप्यात बसण्याची जनाची. हौदाला शिवण्याची जनाची. ही परत करायला हरकत नाही, नव्हे, करावीच. पण घेतलेले पैसे बुडवताना, कामाला असलेल्या बाईची खाडे धरून पगार कापताना, मोबाईलवर कुणाच्या तरी फजितीचा व्हिडिओ पुढे पाठवताना जर काहीच वाटत नसेल, तर तिथे कायदाही कामाचा नाही आणि कोशही. पूर्वी धिंडीसाठी गाढव लागायचे, गाव जमावे लागायचे. आता बोटाने एकदा ढकलले की झाले. आपल्यापैकी कितीजण त्या गर्दीत रोज उभे असतात! पाठवण्याआधी हा कुणाचा मुलगा आहे, याची वही कुणी शिवली असेल, एवढे मनात आले तरी पुष्कळ.

असो. विषय लांबला. आमच्या कोल्हापुरात लाज काढायची असेल तर "काय वाटतंय का जीवाला?" एवढेच विचारतात, त्यात लाज हा शब्दही नसतो. नागपूरकडे, खानदेशात, कोकणात, बेळगावात काय म्हणतात? बडोद्याच्या आणि इंदूरच्या नातेवाईकांनीही आपापल्या घरातले शब्द आठवून जरूर कळवावेत. भाचीने रशियनमधला अजून एखादा शब्द सापडला तर सांगावा. आणि सुमनवहिनी, तुमच्या आईंच्या तोंडी एक म्हण होती, 'लाज' आणि 'ताक' असे काहीतरी. मला अर्धीच आठवते. ती पूर्ण लिहून पाठवा.